रेग्युलेटर मी उजवीकडे पिळला होता

इथले भुताखेतांचे अनुभव मी चहाबरोबर वाचतो, करमणूक म्हणून. पांढरी साडी, वळणावरचं झाड, अचानक बंद पडलेली बाईक... पेट्रोल संपलं होतं हे कबूल करायला लोकांना एवढी लाज का वाटते, देव जाणे. मी तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात चौदा वर्षं आहे, राहायला बोईसरला. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आज मीच लिहायला बसलोय, याचा मला मनस्वी राग येतोय.

आमच्याकडे दांडी या किनाऱ्यावरच्या गावचे धर्माकाका फिटर होते. रिअॅक्टरवर, म्हणजे रसायनांच्या मोठ्या बंद टाकीवर, नायट्रोजन सोडण्याआधी त्याचं प्रेशर कमी करायला रेग्युलेटर असतो. आत माणूस उतरणार असला की काका त्याचा स्क्रू पार सैल करून गॅस बंद करत आणि वर मासेमारीच्या जाळ्याच्या निळ्या दोरीची गाठ मारत. माणूस बाहेर येईपर्यंत ती सोडायची नाही. मी छापील टॅग आणून दिले तरी म्हाताऱ्याची दोरी सुटेना. "अडाणीपणा आहे हा," असं मी त्यांना सगळ्यांसमोर म्हणालो होतो. गेल्या वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि ते घरी बसले. दोरी बंद झाली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट, सकाळचे अकरा. जव्हारकडचा काळू नावाचा कंत्राटी कामगार रिअॅक्टर घासायला आत उतरायचा होता. नियमाप्रमाणे नायट्रोजनची लाईन खोलून मधे लोखंडी चकती बसवावी लागते, म्हणजे गॅस आत येऊच शकत नाही. त्यात अर्धा तास जातो. मी म्हटलं, रेग्युलेटर बंदच आहे, कशाला ते सोपस्कार! आतला ऑक्सिजन मोजला, ठीक होता. काळू उतरला. जाता जाता, फोन कानाला लावून, मी खात्रीसाठी स्क्रू आणखी दोन-तीन वेळा पिळला आणि कॅन्टीन गाठलं.

तिथे मी एका नव्या ट्रेनीची टर उडवत होतो. नळ उजवीकडे पिळला की बंद होतो, रेग्युलेटर उजवीकडे पिळला की उघडतो—हे पहिल्याच दिवशी शिकवतात, तरी हे दिवटे चुकतात. "या शहाण्याने असा फिरवला," म्हणत मी हात फिरवून दाखवला.

आणि हात तिथेच थांबला. दहा मिनिटांपूर्वी मी अगदी तसाच फिरवून आलो होतो.

नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, पण तो आतला ऑक्सिजन हटवतो. चार श्वासांत माणूस आडवा होतो, ओरडायलाही सवड मिळत नाही. मी धावत सुटलो. जिन्यावर दोनदा पडलो.

रिअॅक्टरमधून घासण्याचा आवाज येत होता. काळू जिवंत होता. गेज शून्यावर. स्क्रू पार सैल, आणि त्यावर निळी दोरी... तीच गाठ.

मॅनहोलवर एक कामगार राखणीला उभा होता, रेग्युलेटरपासून चार हातांवर. "इधर कौन आया था?"

"आप ही आए थे साहब. बाद में कोई नहीं."

कॅमेरा पाहिला. त्यात मीच दिसतो, फोनवर हसत स्क्रू उजवीकडे पिळताना. माझ्यानंतर मी धावत येईपर्यंत तिकडे कोणी फिरकलेलं नाही; दोरी दिसण्याइतकं चित्र स्पष्ट नाही.

संध्याकाळी दांडीला गेलो. धर्माकाका ओट्यावर बसले होते, लुळा हात मांडीवर. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "नळ समजून पिळलास ना? येवढा शिकलास, पन अक्कल नाय आली."

"काका, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माणूस आत हाय, नि तू फोनवर दात काढतोस!" बाजूला थुंकले आणि तोंड फिरवून बसले.

कंपनाने स्क्रू सैल झाला असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. कंपनाने गाठ बसत नाही. दुसरं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि तुमची भुतंखेतं मला अजूनही पटत नाहीत. कारखान्यात मी कोणालाच काही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, आणि जायलाच हवी होती.

काळू अजून कामाला येतो. आता मी चकती स्वतः उभा राहून बसवून घेतो. आत उतरण्याआधी तो मला शोधतो, दिसलो की हात जोडतो आणि म्हणतो, "साहेब, तुमी हाय ना, मंग मला भ्याव नाय."