बायकोच्या नावावरचं मशीन

बायकोचं उजवं मनगट सुजलं होतं. पिळायचं काम बंद, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून आम्ही पवनीहून एसटीनं भंडाऱ्याला कपडे धुण्याचं मशीन घ्यायला गेलो. रोख पुरेशी नव्हती, तेव्हा हप्त्यांवर घ्यायचं ठरलं.

माझं कापडाचं छोटं दुकान आहे. ‘धान विकलं की देतो’ म्हणत अर्धी पवनी माझ्याकडून उधारीवर लुगडी-धोतरं नेते. मी मात्र जन्मात कोणाचं कर्ज काढलं नाही. भंडाऱ्याच्या दुकानात बँकेच्या फायनान्स टेबलावर बसलेल्या बाईंना हे मी छाती फुगवूनच सांगितलं. त्यांनी माझा पॅन नंबर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

“काकाजी, तुमी कधी कर्ज घेतलंच नाही, तं फेडता का नाही हे आमाले कसं समजन?”

मी तिथल्या पंख्यांच्या किमती वाचू लागलो.

“माह्या नावानं पाहा न बाई,” बायको म्हणाली. तिनं बचत गटातून आधी शेळ्यांसाठी कर्ज काढलं होतं, मग शिलाई मशीनसाठी, आणि दोन्ही वेळेवर फेडली होती. गटाच्या बैठकीला मी ‘चहापान मंडळ’ म्हणायचो. तिचा कर्जफेडीचा स्कोर इतका चांगला निघाला की बाईंनी फ्रिजही दाखवला.

मशीन तिच्या नावावर नोंदवून परतताना बसमध्ये तिनं विचारलं, हे कर्जाचे पैसे कोणाचे? लोकांच्या ठेवीतले, मी दुकानदारी थाटात सांगितलं.

“मंग त्यायच्या खात्यातून कमी झाले का?”

नाही, मी म्हणालो.

“दुकानदाराच्या खात्यात तं आले. मंग आले कुठून?”

पुढच्या आठवड्यात बँकेतल्या साहेबांना विचारलं. ते हसले. बँक कर्ज देते तेव्हा तेवढी रक्कम खात्यात नुसती लिहिते, तिथेच नवा पैसा तयार होतो. कर्ज फिटत जातं तसा तो नाहीसा होतो, म्हणाले. मी घरी येऊन हे असं सांगितलं, जणू शोध माझाच.

मशीन घरघरत होतं, तिचा हात मांडीवर निवांत पडला होता.

“पैसा हवेतून येवो का जमिनीतून,” ती म्हणाली, “हप्ता चुकला तं नाव माहं खराब होईन. तुमचं तं नावच नाही तिथं.”

त्याच दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकांकडची थकलेली उधारी वसूल करायला सायकल काढली.