माझ्या चौकशीला मीच सापडलो

चहा घ्या आधी. कारण मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही हसणार, आणि हसताना चहा नाकात जातो. हसा की! आख्खी राजारामपुरी हसून झालीय, तुम्हीच कशाला मागं राहताय? फक्त एक करा, आमच्या आईसमोर हा विषय काढू नका.

तर मी कादंबरीकार. म्हणजे एक छापून आलीय, बाकीच्या कपाटात आहेत. गल्लीत मला 'रायटर' म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत हे मला कळतं.

माझा घोळ असा, की मला एका जातीची कादंबरी पुरत नाही. पहिली प्रेमकथा लिहिली. ती छापली, खपली नाही. मग भयकथा धरली. तिच्यासाठी केस वाढवले, खोलीत लाल बल्ब लावला, आणि एवढं जीव लावून लिहिलं की भर दुपारी गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला आईला सोबत नेऊ लागलो. ती अर्धवट सुटली. मग ऐतिहासिक. तिच्यासाठी मिशा राखल्या. मिशाही नीट आल्या नाहीत आणि कादंबरीही. जी कादंबरी डोक्यात, तसा मी.

आई म्हणायची, "लिही की बाबा काय लिहायचं ते. पर ध्यान कशाला बदलतोस सारखं?"

हस्तलिखित पुण्याच्या प्रकाशकांकडं जायचं आणि फोनवर दर वेळी एकच उत्तर यायचं, "भाषा छान आहे हो तुमची. पण माणसं पटत नाहीत."

माणसं पटत नाहीत! अहो, मग पटणारी माणसं आणायची कुठनं?

शेवटी ठरवलं, आता गुन्हेगारी कादंबरी. आणि खलनायक खराखुरा घ्यायचा. आमच्या पलीकडच्या गल्लीत एक बिल्डर आहे, नाव विचारू नका. त्याचं लंगडणं, त्याची सोन्याची साखळी, त्याचा तो केसाळ कुत्रा, सगळं जसंच्या तसं उचललं आणि पहिलं प्रकरण एका दिवाळी अंकात दिलं. अंक आला आणि सलूनमध्ये कुणीतरी मला म्हणालं, "रायटर, त्यानं वाचलंय बरं का." त्या दिवसापासून मी पलीकडच्या गल्लीतनं जाणं सोडलं. माझ्या लिखाणाला वाचक मिळाला तो असा!

याच दिवसांत आत्यानं इचलकरंजीचं स्थळ आणलं. मुलगी वीणा, शाळेत विज्ञान शिकवते, वडलांचे यंत्रमाग. आम्ही बघायला गेलो. मागच्या शेडचा खडखडाट एवढा, की एकमेकांच्या घरचं विचारायचं तर ओरडून विचारावं लागत होतं. थोडं बोलून घ्या म्हणून मोठ्यांनी आम्हाला गच्चीवर पाठवलं.

ती म्हणाली, "तुमची कादंबरी वाचली."

मी कठडा धरला. "आख्खी?"

"आख्खी. आवडली. पण शेवट खोटा वाटला. गाडी सुटता सुटता तो धावत येतो आणि ती उतरते म्हणं! आमच्या स्टँडवर सुटलेली गाडी कुणासाठी थांबलेली मी तरी बघितली न्हाय."

संपलं! मी तिथंच गेलो. आजवर माझ्या कादंबरीच्या शेवटापर्यंत पोचलेलं माणूस मला भेटलं नव्हतं, आणि ही पोचून वर भांडत होती. जिना उतरता उतरता आईला सांगितलं, "हीच. दुसरी बघायची न्हाय."

चार दिवसांनी आत्याचा फोन. मुलगी हो म्हणाली. त्यांनी फोनवर चौकशी केली, तीही चांगली झाली. रविवारी साखरपुड्याचं बोलायला येतो म्हणाले. आईनं त्याच दुपारी शालू काढून उन्हात टाकला. खरं सांगतो, मी इतका खूश आयुष्यात कधी नव्हतो. म्हणूनच लक्षात ठेवा, पुढं जे झालं ते दुसऱ्या कुणी केलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी शिवामामाच्या टपरीवर बसलेलो. गुन्हेगारी कादंबरीच्या वेशात! दाढी वाढलेली, काळा गॉगल, डोक्याला टोपी पार भुवयांपर्यंत. एवढ्यात एक बोलेरो येऊन थांबली. दोन दांडगे गडी उतरले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. एकाच्या मिशा अशा, की ऐतिहासिक कादंबरीला हव्या होत्या.

मिशावाले माझ्या शेजारीच बसले. "काय ओ पावणं, हितलंच काय तुमी?"

"व्हय. का?"

"ते कादंबऱ्या लिवणारं रोहित म्हणून पोरगं हाय न्हवं, त्येचं घर कुठलं?"

मी टोपी आणखी खाली ओढली. रोहित म्हणजे मीच की! "काय काम हुतं?"

"हाय जरा," असं म्हणून त्यांनी दुसऱ्याकडं बघितलं. "संध्याकाळचं घरात असतंय का?"

आता तुम्हीच सांगा. बिल्डरनं माझी कादंबरी वाचलीय, आणि दोन दांडगे गडी विचारतायत मी संध्याकाळी घरात असतो का! तुम्ही काय समजला असता?

"एकटंच हाय, का भाऊबिऊ हाईत पाठीशी?" दुसऱ्यानं विचारलं.

"तब्येतीनं कसं हाय? धट्टंकट्टं हाय न्हवं?" हे मिशावाले.

पळावं तर बोलेरो. मग डोक्यात आलं, आपण लेखक आहोत की! ह्यांनाच असं घाबरवू, की परत ह्या गल्लीत पाय ठेवणार नाहीत.

मी आवाज खाली आणला. "पावणं, चांगल्या घरची माणसं दिसतासा म्हणून सांगतो. त्या रोहितच्या नादाला लागू नका."

"का ओ?"

"दोनदा आत जाऊन आलाय."

"अगं बाई!" मिशावाले म्हणाले. एवढा दांडगा गडी 'अगं बाई' म्हणाला, तिथंच मला शंका यायला पाहिजे होती. पण छे! मला रंग चढला होता.

"उशाला कोयता असतोय. दारू म्हणाल तर दात घासायच्या आधी. भाऊ हुता एक. तो कुठं गेला ते गल्लीत कुणी विचारत न्हाय." भाऊ मला कधीच नव्हता, पण जन्माला घातला आणि गायबही केला. "आई हाय, पर ती माउली त्येच्यासमोर तोंड उघडत न्हाय."

दोघं चहा धरून बसलेले. चहावर साय आली तरी प्यायचं भान नव्हतं. असे ऐकणारे मला कधी मिळाले होते का? मग म्हटलं, थोडी करुणा पण घालू. प्रकाशक म्हणतातच, माणसं पटली पाहिजेत.

"आता तर लगीन ठरलंय म्हणं त्येचं," मी उसासा टाकला. "त्या पोरीचा इचार मनात आला की मला जेवण जात न्हाय बघा."

मिशावाल्यांनी कप खाली ठेवला. डोळ्यांत पाणी होतं. "लई उपकार झालं तुमचं," असं म्हणून त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मी मागच्या बोळानं घरी पळालो आणि तो आख्खा प्रसंग तिथल्या तिथं कादंबरीत घातला.

दुपारी आत्याचा फोन. ती रडत होती.

"अरं, काय बोललास त्या काकांस्नी?"

"कुठल्या काकांस्नी?"

"वीणाच्या थोरल्या काकांस्नी आणि मामांस्नी! बघायच्या दिवशी दोघं गावाला गेलते. फोनवरच्या चौकशीनं काकांचं मन भरंना, म्हणून स्वतः आलते!"

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. मुलीकडची माणसं न सांगता येतात, घराकडं फिरकत नाहीत, टपरीवर बसून मुलाचं विचारतात आणि कशासाठी ते सांगत नाहीत. मला ठाऊक नव्हती का? होती! ह्याच रीतीवर माझ्या प्रेमकथेत सबंध प्रकरण आहे.

आणि एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण गाडीत बसताना काकांनी शिवामामाला विचारलं, "ते टोपीवालं भलं माणूस कोण ओ?" शिवामामा हसत म्हणाला, "ते व्हय? त्योच की रोहित!"

दुसऱ्या दिवशी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि आईला घेऊन इचलकरंजी गाठली. काकांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं. बिल्डर, दिवाळी अंक, सगळं. मग शांतपणे म्हणाले, "हे बघा, तुमी टपरीवर सांगितलासा ते खरं असंल, तर पोरगी गुंडाच्या घरात जाती. खोटं असंल, तर येड्याच्या. आता तुमीच सांगा, कुठल्या घरात देऊ?"

मी आतल्या दाराकडं बघितलं. दार उघडं होतं, पण आत वीणा दिसली नाही. शेडचा खडखडाट तेवढा चालू होता.

परतीच्या एसटीत आई खिडकीकडं तोंड करून बसली होती. हातकणंगले मागं पडलं तेव्हा म्हणाली, "तुझं लिवल्यालं कुणाला पटत न्हाय म्हणतोस. मग ह्येच कसं पटलं रं?"

मला लई वाईट वाटलं. आईच्या पिशवीत त्यांच्याकडं द्यायला आणलेले पेढे तसेच होते. शालू पुन्हा घडी करून ट्रंकेत गेला, आणि मला बघवलं नाही म्हणून मी गच्चीवर जाऊन बसलो. एकटाच.

तिथं मोबाईल वाजला. वीणाचा मेसेज. एकच ओळ होती:

"हा शेवट मात्र खरा वाटला."

त्याला उत्तर लिहायला मी रोज बसतो. लिहितो आणि खोडतो. भाषा चांगली उतरते हो. पण त्यातला माणूस मलाच पटत नाही.