काळ्या गोटाच्या तीन कोंबड्या

आमच्या वन्संनी, म्हणजे माझ्या धाकट्या नणंदेने, शिवणकामावर जन्म काढला. रस्त्याने चाललेल्या परक्या बाईच्या कोटाचा खांदा कुठे उतरलाय हे त्या बघताक्षणी सांगत. तेही न विचारता, म्हणून मैत्रिणी बेताच्याच. मग डोळ्यांवर पडदा आला. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय आखूड झाला, तेव्हा त्यांनी स्वतःच मशीनवर चादर टाकली. "झाकली मूठ बरी, वहिनी," म्हणाल्या. पण हातांना कोण समजावणार? बसल्या बसल्या टेबलावरच्या कापडाची कड दुमडायची नि उलगडायची, दुमडायची नि उलगडायची. मला बघवत नसे.

एका बाजाराच्या दिवशी त्या तारेच्या पिंजऱ्यातून तीन कोंबड्या घेऊन आल्या. इतक्या बुटक्या, की मला वाटलं पिल्लंच आहेत.

"बँटम म्हणतात यांना. एवढ्याच राहतात," वन्सं म्हणाल्या.

"जात कुठली?"

"विचारलं मी. 'चांगली' म्हणाला."

रूप मात्र बघत राहावं असं. पांढरं पीस आणि प्रत्येक पिसाला बारीक काळा गोट, जसा कुणी नीट बसून लावलाय. वन्सं एकेक पीस डोळ्यांशी नेऊन बोट फिरवत. थोरली, मधली, धाकटी अशी नावं ठेवली. कड दुमडणारे हात आता दाणे निवडायला लागले.

पण त्या राहतात भाड्याने, वरच्या दोन खोल्यांत. खाली घरमालकीण. ती नर्स आहे, रात्रभर दवाखान्यात उभी असते आणि दिवसा झोपते. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, "मावशी, कोंबड्या पाळा, माझी ना नाही. पण कोंबडा निघाला तर तो जाईल. लपवलात तर तिन्ही जातील." तरी मनाने चांगली. पिंजऱ्याच्या तारेने कोंबड्यांचे पाय खरचटलेले दिसले, तर पिवळ्या मलमाची डबी देऊन गेली. वन्सं ते रोज तिघींना चोपडत.

आता आली का पंचाईत? यात कोंबडा आहे की नाही, हे कळायला जात कळायला हवी. जितकी तोंडं तितक्या जाती. दूधवाला म्हणाला, कबुतराचं रक्त आहे. माझ्या सुनेने मोबाइलवर फोटो दाखवले. पहिला बघितला तर वाटलं हीच, दुसरा बघितला तर वाटलं हीच, आणि तिसरा बघितल्यावर थोरली कुठली नि फोटो कुठला हेच कळेना.

"अगं, तिघींचं कापड एक, शिवण एक," वन्सं वैतागून म्हणाल्या. "कोंबड्याला लांब शेपूट असतं, गळ्याला झालर असते. इथे कुणाला आहे झालर? कपडा बघून बाई की पुरुष, हे मला नाही कळणार तर कुणाला?"

तरी जनावरांच्या डॉक्टरकडे पिंजरा नेला. त्याच्या एका हातात ओरडणारं मांजर. त्याने वरूनच वाकून पाहिलं.

"असा गोट असणाऱ्या दोन जाती मला ठाऊक आहेत. एकीत कोंबडा झालरवाला असतो, बघताच ओळखू येतो. दुसरीत मात्र कोंबड्याची पिसं कोंबडीसारखीच, काही पत्ता लागत नाही. पायांवरून ओळखायचं. पिवळे असले तर पहिली, पाटीसारखे काळपट असले तर दुसरी."

आम्ही दोघी पिंजऱ्यावर वाकलो. पाय पिवळेधमक.

"झालं तर! पहिली जात आणि झालर नाही, म्हणजे तिघी माद्याच," डॉक्टर म्हणाला, आणि मांजराने त्याला ओरबाडलं.

वन्सं घरी अशा आल्या, जशी मुलगी परीक्षा पास झालीय.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, गच्चीवरच्या खुराड्यातून गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज आला. माझे कान अधू, पण तो मलाही ऐकू आला. वन्संच्या हातातलं ताट खाली आलं.

"दार वाजलं असेल," त्या म्हणाल्या.

दार पुन्हा आरवलं.

नर्सबाई केस विस्कटलेली, डोळे लाल, वर आली. "मावशी, कुठला तो?"

तिघी एका रांगेत उभ्या. तेच कापड, तोच गोट, तोच साळसूदपणा. नर्सबाई पायरीवर बसून राहिली, तर एकही चोच उघडेना. वन्सं माझ्याकडे बघत नव्हत्या. शेवटी त्यांनी वाकून धाकटीला उचललं.

"ही. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

ज्या डोळ्यांना सुईचं नाक दिसत नाही, त्याच डोळ्यांनी! ठरलं असं, की धाकटीला मी न्यायचं. माझ्या कानांपुढे कोण आरवणार?

घरी आणून मी तिचे पाय कोमट पाण्याने धुतले. पाणी पिवळं झालं. धुते तर पिवळा रंग निघतोच आहे, आणि खालून निघाले शाळेच्या पाटीसारखे काळपट पाय! डॉक्टरने जात ओळखली ती नर्सबाईच्या मलमाची. आणि दोन दिवसांनी आमच्या या कोंबड्याने टोपलीत अंडं घातलं.

अंडं रुमालात बांधून मी वन्संकडे गेले. त्या गच्चीवर थोरलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी अंडं पुढे ठेवलं.

"धाकटीचं?" त्यांनी विचारलं. मग थोरलीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "दार वाजलं की ही पहिली धावत येते, वहिनी."

"ठाऊक आहे."

"मला नक्की दिसलं नव्हतं गं."

"बरं."

तेवढ्यात थोरलीने मान ताणली आणि मांडीवर बसूनच बांग दिली. खाली नर्सबाईची खिडकी उघडली. वन्सं उठल्या. मला वाटलं, आता लपवतील. पण त्यांनी कठड्यावरून वाकून हाक मारली, "बाई, झोप तू! चुकीची दिली होती मी. आत्ता बदलते."

मग खालची खिडकी लागली, हळूच.

तर आता धाकटी परत तिकडे आहे आणि थोरला माझ्याकडे. तो आरवतो असं सून सांगते, मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवते. वन्सं रोज दुपारी दाणे घेऊन येतात. इतक्या वर्षांत माझा जिना उंच म्हणून कधी चढल्या नव्हत्या. काल मी तिकडे गेले, तर मधलीला उलटसुलट करून बघत मला विचारत होत्या, "वहिनी, हिचं अंडं अजून कसं नाही गं?"

मी म्हटलं, वन्सं, मला ऐकू आलं नाही.