संकष्टीच्या दिवशीचं उपोषण

वकिलाचा फोन आला की तुरुंगातल्या एका मराठी खलाशाने सकाळपासून ताटाला हात लावलेला नाही. सिंगापूरमध्ये कैद्यांच्या हक्कांसाठी धडपडणारे आम्ही चार-पाच जण. उपोषण म्हटल्यावर आमच्या अंगात वारंच शिरलं. मराठी येणारी मी एकटी, म्हणून बोलायला मलाच धाडलं. हौगांगच्या घरून निघाले ती एमआरटीच्या गाडीत भाषण घोळवत. आज कुणाची गय करायची नाही, असं ठरवूनच टाकलं होतं.

काचेपलीकडे तो फोन कानाला लावून बसला. मी थेट विचारलं, “मागण्या काय आहेत तुमच्या?”

तो गोंधळला. “ताई, आज संकष्टी आहे.”

माझ्याही पोटात सकाळपासून साबुदाण्याच्या खिचडीशिवाय काही नव्हतं.

“पण एक मागणी आहे,” तो म्हणाला. “कोठडीतून चंद्र दिसत नाही. उगवला की कुणी सांगेल का? आणि तोवर जेवण ठेवतील का?”

एवढं भाषण वाया थोडंच जाऊ देणार होते? बाहेर बसलेल्या अधिकाऱ्याला मी ते पहिल्यापासून ऐकवलं. धर्म, माणुसकी, हक्क आणि शेवटी चंद्रोदय. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“रमजानात आम्ही सूर्यास्त सांगतोच,” तो म्हणाला. “तसा चंद्रही सांगू. पण हे काय दर महिन्याला?”

“जन्मभर,” मी म्हटलं. “तुमच्याकडे फक्त तो सुटेपर्यंत.”