इंजिन बंद करून उतरलेला घाट

महाराष्ट्र राज्य होऊन चार-दोन वर्षं झाली होती, मी बुलढाण्याच्या एका शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो, आणि माझ्याकडे पाचशे सीसीची मोटारसायकल होती. या तिन्हींपैकी मला फक्त तिसऱ्या गोष्टीचं कौतुक होतं. गाडी मामाची. त्यानं ती लष्कराच्या लिलावातून उचलली होती, पण किक मारता मारता त्याचा गुडघा कामातून गेला आणि गाडी माझ्या गळ्यात पडली. गळ्यात पडली असं मी चारचौघांत म्हणायचो. मनात मात्र मामाच्या गुडघ्याचे आभार मानायचो.

गाडी सुरू झाली की गल्लीला कळायचं. शेजारच्या म्हाताऱ्या कानावर हात ठेवायच्या आणि मी मुद्दाम एकदा जास्तच आवाज काढून निघायचो.

बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरताना राजूर घाट लागतो. घाटाच्या तोंडाशी आलं की इंजिन बंद करायचं आणि गाडी नुसती सोडून द्यायची, अशी तेव्हा बऱ्याच जणांची सवय होती. पेट्रोल वाचायचं. माझं त्यात आणखी एक खूळ होतं. घाट उतरल्यावर सपाटीला गाडी जिथं आपसूक थांबेल, तिथं मी रस्त्याच्या कडेला एक दगड ठेवायचो. पुढच्या खेपेला त्या दगडाच्या पुढं जायचं. म्हणून घाटात ब्रेक शक्यतो लावायचाच नाही. लावला की तेवढा वेग वाया गेला. तीन महिने दगड एका बाभळीपाशी अडून बसला होता. काही केल्या पुढं सरकेना.

अशात मोताळ्याला दिलेल्या बहिणीच्या मुलाचं जावळ ठरलं. जावळ काढताना बाळाला मामाच्या मांडीवर बसवतात, म्हणजे मला जाणं भाग होतं. माय तर जाणारच होती. आईला आम्ही माय म्हणायचो. ती त्या गाडीवर कधी बसली नव्हती. बसनं जाईन म्हणाली, तर मीच हट्टाला पेटलो. तिला वाटलं, पोराला आपल्या आईला मिरवायचं आहे. माझ्या डोक्यात बाभूळ होती. मागे आणखी एक माणूस म्हणजे तेवढं वजन जास्त, आणि वजन जास्त म्हणजे गाडी तेवढी लांब जाणार. मायचं वजन मी या कामासाठी धरलं होतं. हे लिहिताना आजही मला लाज वाटते.

ती दोन्ही पाय डाव्या अंगाला सोडून बसली. मांडीवर बाळाच्या अंगड्या-टोपड्यांचं बोचकं, एक हात माझ्या खांद्यावर. गाव सुटेपर्यंत एक शब्द बोलली नाही, बोलली असती तरी ऐकू आलं नसतं. घाटाच्या तोंडाशी मी इंजिन बंद केलं.

"बंद पडली काय रे?"

"नाही माय, बंद केली."

"बरं केलं. डोकं नुसतं भणभण करून राह्यलं होतं. आता बोलता तरी येते."

आणि खरंच ती बोलायला लागली. उतारावर सीताफळं किती लागली आहेत ते तिनं दाखवलं. नातवाचे कान तिच्या वडिलांवर गेले आहेत म्हणाली. मला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, फक्त वाऱ्याचा आवाज आणि मायचा. गाडी वेग घेत होती. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मी ब्रेकला स्पर्शही केला नाही. आज बाभूळ मागं पडणार याची मला खात्रीच झाली.

पुढच्या वळणावर समोर कडब्यानं भरलेली बैलगाडी होती. चढाचा जोर कमी लागावा म्हणून गाडीवानानं बैल वळणाच्या बाहेरच्या अंगानं घेतले होते, म्हणजे माझ्या बाजूनं. इंजिन चालू असतं तर आम्ही येतोय हे त्याला दोन वळणं आधीच कळलं असतं. मी हॉर्न दाबला. बॅटरी कधीच मेलेली, हॉर्न इंजिनावर चालायचा, त्यामुळं तोही मुका. आता कचकन ब्रेक लावला असता तर सरळ बैलांवर गेलो असतो, आणि एवढ्या वेगात गाडी मोकळ्या उजव्या अंगाला वळणार नव्हती. डावीकडे दरीच्या कडेची बुटकी भिंत आणि उजवीकडे कडबा, यांच्यामध्ये जेमतेम गाडी जाईल एवढी फट होती. मी तिच्यात शिरलो.

चढावर बैलगाडीच्या मागं एक माणूस दगड घेऊन चालतो. बैल थांबले की तो दगड चाकामागं सारायचा, नाहीतर गाडी मागं घरंगळते. त्या गाडीमागं गाडीवानाची बायको होती. बैल बुजून थांबले म्हणून ती दगड घेऊन नेमकी माझ्या अंगाला आली. मला पाहिलं आणि दगड टाकून ती कडब्याला चिकटली. तिचा पदर माझ्या कोपराला घासून गेला. डाव्या अंगाला मायचा पाय भिंतीला चाटला. आम्ही पलीकडे निघालो होतो.

मग मी ब्रेक दाबला. गाडी बरीच खाली जाऊन थांबली. माय उतरली. तिच्या डाव्या पायात चप्पल नव्हती आणि घोट्याजवळ खरचटून रक्त आलं होतं. बोचकं गाडीवर ठेवलं आणि तशीच एका चपलेनं घाट चढायला लागली. मला खरं तर तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण माय वर चाललेली, मग मी मागून गेलो.

बैलगाडी हातभर मागं सरकली होती. गाडीवान जुवाला लोंबकळून बैल धरून होता आणि बायकोनं दगड पुन्हा चाकामागं लावला होता. मायनं सरळ चाकाला हात घातला. मीही लावला. चौघांनी मिळून गाडी रस्त्याच्या मधोमध आणली. मग मी गाडीवानापुढं हात जोडले.

"आवाज आला असता त मी बैल कडेला दाबले असते, मास्तर," तो म्हणाला. मास्तर असल्याचं माझ्या कपड्यांवरून त्यानं ओळखलं असावं.

त्याची बायको मायला म्हणाली, "मायले मांगं बसवून असा येते का कोनी?"

माय म्हणाली, "चुकलं त्याचं." आणि भिंतीपाशी पडलेली चप्पल उचलून पायात घातली.

उरलेला घाट मी इंजिन चालू ठेवून, पहिल्या गिअरात उतरलो. मोताळ्याला बाळ मांडीवर घेऊन बसलो तर न्हावी म्हणाला, "मामा, मांडी हालवू नका." तेव्हा बहिणीनं मायच्या पायाकडे पाहिलं, आणि मायनं तिला सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही, काही वाढवलंही नाही.

बहीण माझ्यावर भडकली. मायला म्हणाली, "तू आता बसनं जाय. चार वाजता हाये."

"नाही. याच्याच मांगं बसीन."

"काऊन? जीव नकोसा झाला काय तुले?"

"एकटा गेला त उडवतच जाईन तो," माय म्हणाली. "मी मांगं असली म्हणजे त्याले भेव राह्यते. हळू चालवते."

मी मान खाली घालून बाळाच्या अंगावरचे केस झटकत राहिलो. ती मागं होती म्हणूनच मी ब्रेक लावला नव्हता, हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. पुढं वीस वर्षं ती माझ्या मागं बसत आली, आणि मी कधीच सांगितलं नाही.