आधी गाय, मग मुलगी

मी मुलगी बघायला गेलो आणि आधी गाय बघितली.

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन दोनेक वर्षं झाली होती. हैदराबादेत शिकून मी गुरांचा डॉक्टर झालो होतो. आता स्थळांची रीघ लागेल, असा माझा समज. आलं एकच, राजेश्वर गावचं! छाप पडावी म्हणून मी औषधांची बॅगही घेतली. (मामा म्हणाले, "पोरगी बघायला चाललास का टोचायला?")

पोहोचतो तर चहापाणी राहिलं बाजूला, गोठ्यात सारा गाव गोळा! कालच व्यालेली देवणी गाय मान पोटाकडं वळवून आडवी पडलेली. मुलीचे चुलते नागप्पा डागणी लाल करत बसलेले. चटका दिला की जनावर उठतं, हे त्यांचं शास्त्र.

"डाक्टरसाब, आधी गाय बघा," मुलीचे वडील, अप्पा, म्हणाले. "पोरगी कुठं पळून जायलीय?" म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. घरात दुभती ती एकच.

मी गाईचे कान चाचपले. थंडगार. "दुग्धज्वर!" मी जाहीर केलं.

"ज्वर? अंग तर बर्फ झालंय की!" नागप्पा कडाडले. "शिकून आलंय का शिकायला आलंय हे?"

(रोगाचं नाव काय मी ठेवलं?) "रक्तातलं कॅल्शियम कमी झालंय. बाटली चढवली की उठेल. डाग देऊ नका!"

"बाटली संपूपर्यंत थांबतो. मग माझी डागणी!"

मानेच्या शिरेत सुई घातली, बाटली उंच धरली. औषध सावकाश सोडावं लागतं, घाई केली तर गाय दगावते.

"कामून येळ लावायलाव?" नागप्पा डागणी घेऊन उठलेच. "संपली बाटली!"

"न्हाई संपली!" मी आडवा आलो. समोर लालभडक लोखंड, मागं गाय. माझी गाळण उडाली होती. एवढ्यात गाय थरथरली, ढेकर दिली आणि अशी उसळून उठली, की सुई एकीकडं आणि मी शेणाच्या खड्ड्यात! वर राहिली फक्त हातातली बाटली.

"उठली! नुस्ती डागणी बघून उठली!" गावानं नागप्पांना खांद्यावर घेतलं. नागप्पाही लाजून म्हणाले, "हाताला गुण हाय."

मग मुलगी बघण्याचा कार्यक्रम झाला. अप्पांचं धोतर नेसून मी बसलो. महानंदा चहा घेऊन आली, नाक मुरडलं नाही, उलट तिनंच विचारलं, "त्या बाटलीत काय व्हतं वो? आणिक कुनाची गाय अशी पडली तर तिलाबी चालंल का?" अख्ख्या गावात हे विचारणारी ती एकटी! मला इतका आनंद झाला, की चहा निवेपर्यंत मी कॅल्शियमवरच बोलत होतो.

"आम्हाला पोरगा पसंत हाय," अप्पा म्हणाले.

मी फुगलो. "औषध पटलं ना?"

"औषधातलं मला काय कळतंय? पन शेणात पडून बी ज्यानं बाटली सोडली न्हाई, तो पोरीचा हात सोडनार न्हाई."

खरं तर भीतीनं माझी बोटंच आखडली होती. पण मुलीच्या बापाला कुणी असलं निदान सांगत बसतं का!