फुलगोबीला पडलेली मतं

"अकरा. तुमच्या माळीपुऱ्यात अकरा मतं, अन् उर्दू शाळेच्या बूथवर त्र्याहत्तर. याचा अर्थ काय, सांगा मले."

"मी कसा सांगू, भाऊ? मतं त्यायनं देली. त्यायले विचारा."

"मी तुमाले विचारून राहिलो. उमेदवार तुमी होते."

"उमेदवार होतो म्हणून मशीनमंधी बसलो होतो का मी?"

धर्मेंद्रनं पंख्याचं बटण उगाच बंद करून पुन्हा चालू केलं. अकोल्यात झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली होती, तेच स्वधर्म ज्वाला पक्षाचं जिल्हा कार्यालय. दुकान धर्मेंद्रचं, खोली धर्मेंद्रची आणि जिल्हाध्यक्षही धर्मेंद्रच. काल निकाल लागला होता. बाळापुरात केशवरावांचं डिपॉझिट तिसऱ्यांदा गेलं होतं आणि या खेपेला 'वरीलपैकी कोणीही नाही' या बटणानंही त्यांना मागे टाकलं होतं. हरण्याचं दोघांना काही वाटत नव्हतं, ते अंगवळणी पडलं होतं. भांडण पेटलं होतं ते मिळालेल्या मतांवरून.

केशवरावांचा मळा बाळापूरला मन नदीच्या काठी. गोबी, वांगी, मेथी, कडेला झेंडूची एक ओळ. तरुणपणी ते गावच्या दंडारीत, रात्रभर रंगणाऱ्या लोकनाट्यात, उभे राहायचे. माईक नसायचा. आवाज असा, की पलीकडच्या काठावरची माणसं बाजेवर पडूनच दंडार ऐकत. पुढे कापसाची वर्षं बिघडत गेली, पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या गावातून कोणा शेतकऱ्याच्या मरणाची चौकट यायला लागली, तशी वर्गणी आटली आणि दंडार बंद पडली. आवाज तेवढा राहिला. तो वानरं हाकलण्यापलीकडे कामाला येईना.

मोठ्या पक्षांचे लोक यायचे ते खुर्च्या भरायला बोलवायचे. धर्मेंद्र आला तो थेट बांधावर बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "केशवरावजी, तुमाले स्टेजवर पायजे आमी." जन्मात त्यांना कोणी 'जी' लावलं नव्हतं. पक्ष काय म्हणतो, कोणाला शिव्या देतो, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "माईक चांगला हाय ना?"

भाषण धर्मेंद्र लिहायचा. केशवराव दंडारीतल्यासारखं एकदा ऐकून पाठ करायचे. त्यात एक तुकडा ठरलेला असे: 'त्यांच्या दुकानावर चढू नका, त्यांना आपला माल देऊ नका.' तिथं आवाज खाली घ्यायचा आणि मग एकदम उचलायचा, की टाळ्या हमखास. आणि सकाळी उजाडायच्या आत गोबीची पोती अब्दुल सत्तारच्या भाजीच्या दुकानावर. बावीस वर्षं माल तिथंच जात होता.

माणिकबाई, त्यांची बायको, पोत्याचं तोंड शिवता शिवता विचारायची, "रात्री माईकवर सांगतलं ते खरं, का आता गाडीत भरून राहिले हे खरं?"

"ते भाषण हाय. हा धंदा हाय."

"मंग भाषणात सांगत जा ना, का हे निसतं भाषण हाय म्हणून."

एकदा अब्दुल सत्तार स्वतः सभेला येऊन मागं उभा राहिला. शेवटपर्यंत ऐकून गेला. दुसऱ्या दिवशी काट्यावर गोबी ठेवत म्हणाला, "आवाज अजून तसाच हाय तुमचा, केशवराव. बात मात्र हलकी होती." केशवराव हसले. सत्तार हसला नाही, पण माल घेतला.

यंदा निशाणीचा घोळ झाला. पक्षाचं नाव ज्वाला, म्हणून धर्मेंद्रला आगपेटी हवी होती. निशाण्या ठरवायच्या दिवशी नेमका त्याला फोन आला आणि तो बाहेर गेला. निवडणूक कचेरीतल्या साहेबांनी चित्रांचा कागद केशवरावांपुढे सरकवला. आगपेटी होती, शिट्टी होती, आणि मधोमध एक फुलगोबी. घट्ट, पांढरी, पानांत बसलेली. असं पीक हातात आलं की माणूस बाकी काही पाहत नाही. केशवरावांनी गोबीवर बोट ठेवलं.

"आग लावाले निघालो अन् भाजी घेऊन आलो आपण," धर्मेंद्र तेव्हा म्हणाला होता. दोन दिवस त्यानं बोलणं टाकलं होतं.

आता तो खुर्ची ओढून समोर बसला. "हे पाहा. पत्रकार खाली येऊन बसले. तुमी उतरायचं अन् एवढंच म्हणायचं. त्या बूथवर बोगस मतदान झालं. बुरखे घालून त्याच त्या बाया दोनदा-तीनदा आल्या. आपल्या पक्षाले बदनाम कराची चाल हाय."

"बदनाम कराले आपल्यालेच मतं देली?"

"हो. का लोकायनं म्हणावं, याहीचं आतून साटंलोटं हाय."

"पाहिलं का तुमी कोणी दोनदा आलेलं?"

"त्यात पाहाचं काय लागते?"

 ती मतं कशी पडली, ते केशवरावांना माहीत होतं. सकाळीच कळलं होतं. पोती उतरवताना दुकानात अब्दुल सत्तारची बायको कुलसुमबी बसली होती. तिनंच आपणहून सांगितलं, "मले वाचता येत नाय, केशवभाऊ. मशीनवर वळखीचं एकच दिसलं, तुमची गोबी. म्हटलं आपल्या घरात रोज येते, हिलेच दाबू. गल्लीतल्या बायायलेही सांगून ठेवलं होतं."

केशवराव हसायला गेले. कुलसुमबी हसत नव्हती.

"रात्री आमच्या यायनं सांगतलं, का तुमचा पक्ष कोणता अन् तुमी काय बोलता ते. आंधी कोणी सांगतलं असतं, तर नसतं देलं." तिनं गोबीचं एक पान मोडून बाजूला टाकलं. "आता काय, देलेलं मत वापस थोडीच होते."

केशवराव पोती तशीच टाकून अकोल्याच्या गाडीत बसले होते.

"ऐकून राहिले का?" धर्मेंद्र म्हणाला. "हे बोलले, तर पुढच्या खेपेले तिकीट तुमचंच. अकोल्यात मैदानावर सभा घेऊ, मोठा माईक लावू. नाय बोलले, तर मले दुसरा माणूस पाहा लागन. बाळापुरात आवाज काय तुमचा एकट्याचाच हाय?"

बुरखे घालून त्याच त्या बाया. एकदाच ऐकलं होतं, तरी वाक्य पाठ झालं होतं. नुसतं पाठ नव्हे, 'बुरखे घालून' म्हटल्यावर किती थांबायचं आणि 'दोनदा'ला आवाज कुठून उचलायचा, हेही जिभेनं ठरवून टाकलं होतं. चांगलं लागलं असतं. टाळ्या आल्या असत्या. केशवरावांना आपल्याच तोंडाची भीती वाटली. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"मंग? उतरायचं का खाली?"

केशवराव उठले. दाराशी वाकून चपला घातल्या, कठडा धरत जिना उतरले. झेरॉक्सच्या यंत्राला टेकून तिघं पत्रकार कचोरी खात होते. एकानं हात पुसत घाईघाईनं माईक पुढे धरला. "केशवराव, त्या बूथबद्दल काय म्हणता?"

वरून धर्मेंद्र जिन्यावर येऊन उभा राहिला होता.

केशवरावांनी माईक हलकेच बाजूला सारला आणि ते उन्हात बसस्टँडच्या दिशेनं चालू लागले.